गादी दुमडायची न्हाई

मागच्या उन्हाळ्यात मुलानं नांदेडात घर बदललं, तेव्हा सामान बांधायला भाड्याची पोरं आली होती. पोरं हुशार होती. कपबश्या कागदात गुंडाळत होती, कपाटाच्या काचांना पुठ्ठे लावत होती. गादीची पाळी आली तेव्हा मात्र दोघांनी ती मधोमध दुमडली आणि एकजण वर गुडघा रोवून बसला. मी ओरडलोच, "अरे दुमडू नका! आडवी न्या, आडवी!" पोरं दचकली. सून म्हणाली, "बाबा, फोमची आहे, तिला काही होत नाही." मुलगा नुसता हसला. गादी उचलायची वेळ आली की बापाचं डोकं ठिकाणावर नसतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

हा रोग माझा मूळचा नाही. मला तो उदगीरला लागला, गौतम सोनकांबळे यांच्यापासून. ते तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि मी तिथं नवाच चिकटलेला होतो. सगळी कचेरी त्यांना दादा म्हणायची. उंच, वाळके, कायम पांढरा सदरा. कॉलर विरली की उलटून शिवून घ्यायचे, पण इस्त्री मोडलेली चालायची नाही. कामात तलवार. हसणं बेताचं. चहा प्यायला बसले तरी खुर्चीला पाठ टेकायचे नाहीत. कुणी पाण्याचा पेला पुढं केला की आधी विचारायचे, "पानी कुठलं?" समोरचा सांगायचा, नळाचं, नाहीतर अमक्या विहिरीचं. उत्तर काहीही असलं तरी ते पाणी पिऊन टाकायचे. मग विचारायचंच कशाला, असं मला वाटायचं. पण त्यांना विचारायची माझी छाती नव्हती.

आणखी एक खोड म्हणजे, कुणाचंही घर बदलायचं असलं की दादा न बोलावता हजर. खिशात नवारीची गुंडाळी. बाजेला विणतात ती रुंद पट्टी. सुतळीनं कापड कापतं, काथ्याची गाठ सुटते, म्हणून नवार. भांडी, ट्रंका, पाटा-वरवंटा याच्याकडं ते ढुंकून बघत नसत. त्यांचा जीव फक्त गादीत.

माझं नवं लग्न झालं होतं आणि उदगीरातच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचं होतं. सासऱ्यांनी दिलेली कापसाची जाड गादी मी दाबून दाबून गुंडाळली, दोरीनं करकचून बांधली आणि हातगाडीवर उभी केली. माझ्या मते काम फक्कड झालं होतं. तेवढ्यात दादा आले. "बिरादार, गादी कुठाय?" मी अभिमानानं दाखवली. त्यांनी चप्पल काढली, खाली बसले आणि बोटांनी गाठ सोडायला लागले. "हिला फास कामून लावलाव?" एवढंच बोलले. मग उठून त्यांनी मोरीचं दार चौकटीतून उचलून काढलं. घरमालकीण आतून कोकलत आली. दादा म्हणाले, "मावशी, तासाभरात आनून लावतो. गादीला खाली फळी पायजे." माझ्या बायकोचं जुनं धुतलेलं लुगडं मागून घेतलं, त्यात गादी गुंडाळली, आत कडुलिंबाचा पाला घातला. "आता चार कोपरे चार जणांनी धरा. मी म्हनलं की सगळ्यांनी एकदम. आधी न्हाई, मागून न्हाई. दुमडायची न्हाई." आम्ही ती दारावर ठेवली, दार हातगाडीवर ठेवलं, वरून सैलसर नवार बांधली.

मग निघाली आमची वरात. दादा गादीवर हात ठेवून गाडीच्या बाजूनं चालत होते आणि गाडीवाल्याला सांगत होते, "खड्डा आला की आधी आवाज दे." उदगीरच्या त्या गल्लीत खड्डे मोजायचे की रस्ता मोजायचा! गाडीवाला दर दोन पावलांना "खड्डाऽ" असं ओरडत होता, दादा हातानं गादी दाबून धरत होते, आणि मागं पोरांचा घोळका. गाडीवाला शेवटी म्हणाला, "सायेब, गादी हाय का पेशंट?" लोक खो खो हसले. दादा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. मला मात्र बायकोसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा माणसाला पुन्हा घरी फिरकू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी तो किस्सा रंगवून सांगत होतो. आमचे शिपाई गफूरमियाँ दादांच्याच बाजूचे, जळकोटकडचे. त्यांनी मला हाताला धरून व्हरांड्यात नेलं. "बिरादारसाब, हसू नका. त्येंची लेक गेली तशी." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

बहात्तरचा दुष्काळ होता. दादा तेव्हा साधे कारकून, खडी फोडायच्या कामावर मजुरांची हजेरी घ्यायचे. बायको मालन आणि मुलगी सुजाता गावी. लोक सरकारी वाटपाची सुकडी खाऊन दिवस काढत होते, पण पाणी कुठून आणणार? गावाच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं. तिथं दादांच्या वस्तीला पोहरा टाकू देत नसत. बाबासाहेबांचा धम्म घेऊन इतकी वर्षं झाली होती, साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसायची नोकरी होती, पण विहीर ती विहीरच. वस्तीची विहीर वेगळी, जुनी, ढासळलेली. तिच्या तळाशी एका कपारीत वाटीवाटीनं पाणी साचायचं, ते भरायला अंगानं हलकी लेकरं खाली उतरवत. दादा सुट्टीला घरी आले होते, त्याच दिवशी सुजाता खाली उतरली आणि वर येताना तिच्या पायाखालचा दगड निसटला.

पोर जिवंत होती. बोलत होती. आपल्याकडं अडलेली बाई असो की तापलेला म्हातारा, सडकेपर्यंत न्यायचं तर गोधडीची झोळी करतात, बांबू घालतात, दोघं खांद्यावर घेऊन पळत सुटतात. दुसरी रीत कुणाला माहीतच नव्हती. दादांनी स्वतःच्या हातानं झोळी बांधली, पोरीला तीत दुमडून घातलं आणि पुढचा खांदाही स्वतःच दिला. सडकेला लागेपर्यंत ती "पाय दुखतेत" म्हणून रडत होती. सडकेला लागल्यावर पाय दुखायचे थांबले. बापाला वाटलं, आराम पडला. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाठीचा मणका मोडलेल्या माणसाला झोळीत घालतात का? फळीवर आडवं आणायचं होतं." डॉक्टरांनी ते रागानं म्हटलं की सहज, कुणाला माहीत. दादांनी ते जन्माचं धरून ठेवलं.

परत नेताना त्यांनी गावी जाऊन घराचं दार काढून आणलं. त्यावर मालनवहिनींच्या लग्नातली, माहेरानं दिलेली गादी टाकली आणि पोरीला आडवी, हलू न देता गावी नेली. त्याच गादीवर ती पडून राहिली. पुढचा पाऊस तिनं बघितला नाही. मेलेल्या माणसाचं अंथरूण मसणात टाकतात, नाहीतर कुणाला देऊन टाकतात. भाऊबंद गादी उचलायला आले तेव्हा दादा दारात आडवे उभे राहिले. त्या गादीत पोरीच्या अंगाचा खळगा पडला होता. तो बुजवू द्यायचा नाही, एवढीच त्या माणसाची उरलेल्या आयुष्याकडून मागणी होती. बदली झाली की गादी तशीच आडवी, दारावर, गावोगाव जायची. आतल्या खोलीत बाजेवर ती असायची, वर पांढरी चादर. तिच्यावर कुणी बसत नसे, निजत नसे.

गफूरमियाँचं बोलणं ऐकल्यावर मला दादांच्या नजरेला नजर देववेना. "पानी कुठलं?" हे त्या विहिरीतून आलं, तेही उमगलं. कामात ते पूर्वीसारखेच कडक होते. माझी चूक सापडली की तेव्हाही झापायचे. पण आता मला त्यांचा राग यायचा नाही. घरी जाणं-येणं वाढलं. मालनवहिनी ठेंगण्या, कामाला वाघीण, तोंडानं मात्र मुक्या. दादा घरात असले की त्या आतल्या खोलीकडं फिरकत नसत. मला वाटायचं, बाईनं मन दगड करून घेतलंय. माणसाबद्दल आपण किती बिनधास्त मत करून बसतो!

पुढं लातूर जिल्हा झाला. लातुरात फटाके फुटले, आणि आमच्या उदगीरात चौकाचौकांत लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, कारण जिल्हा आम्हाला पाहिजे होता. वादावादी आम्ही केली आणि बदल्याही आमच्याच झाल्या. नव्या कचेऱ्यांना माणसं लागत होती. पहिल्याच यादीत दादांचं नाव आलं, लातूरला.

त्या वर्षीही पाऊस नव्हता. आम्ही चार-पाच जण ट्रकात सामान चढवायला गेलो. दादांनी ज्याच्या त्याच्या गाद्या इतकी वर्षं उचलल्या होत्या, त्यामुळं कुणाला काही सांगावं लागलं नाही. आधी ट्रंका मांडल्या, फटींमधे गोधड्या भरून वर सगळं सपाट केलं, त्यावर दार, दारावर गादी. सगळ्यात शेवटी चढली, सगळ्यात आधी उतरणार. चादरीसकट उचलली ती सगळ्यांनी एकदम. वहिनी पुढं ड्रायव्हरजवळ बसल्या. मागं दादा गादीशेजारी, आणि उतरवायला मदत म्हणून मी.

नळेगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळी रानं भेगाळून पडली होती. ड्रायव्हर पहिल्यांदा वैतागला, मग त्यालाही सवय झाली. "खड्डाऽ" असा आवाज आला की दादा दोन्ही हात गादीवर ठेवायचे. सगळ्या रस्त्यात ते एकदाच बोलले, तेही माझ्याकडं न बघता. "वर काढली तवा रडत व्हती बिरादार. पाठ दुखती म्हनून न्हाई. घागर फुटली म्हनून. मी रागवंन म्हनून भेली व्हती." मी माझ्या बाजूचा कोपरा घट्ट धरून बसलो.

लातुरात भाड्याच्या खोलीत गादी बाजेवर ठेवली. दादांनी चादरीखाली हात घातला, डोळे मिटून हळूहळू चाचपलं आणि म्हणाले, "हाय." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं, घागर उचलली आणि पाणी कुठं मिळतं ते शोधायला निघून गेल्या.

काही महिन्यांनी कागदपत्रं घेऊन मला लातूरला जावं लागलं. काम आटोपून मी दादांच्या घरी गेलो. ते अजून कचेरीतून यायचे होते. अंगणात बाज टाकली होती आणि बाजेवर उन्हात एक गादी. लाल पट्ट्यांची नवी खोळ, टम्म फुगलेली. खाली जमिनीवर, वहिनींच्या केसांवर, कापसाचे धागे. मी आत डोकावलो. आतली खोली रिकामी होती.

"वहिनी, ही..."

"तीच हाय," वहिनी म्हणाल्या. "बसा. येतेत आता."

मला पळून जावंसं वाटलं. खरंच सांगतो, एवढी भीती मला कुठल्या साहेबाची वाटली नाही. तेवढ्यात दादा सायकल हातात धरून फाटकातून आत आले आणि तिथंच थांबले.

"कोन पिंजली?"

"पिंजारी आलता गल्लीत. मीच बोलावलं."

दादांनी सायकल सोडून दिली. ती पडली. ते बाजेजवळ आले, तळहात गादीत रुतवला. हात काढला की कापूस पुन्हा वर आला. दोन-तीनदा त्यांनी तसं केलं. मग असा आवाज काढला, जो मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. "माझी पोर व्हती त्यात."

"न्हवती," वहिनी म्हणाल्या.

त्या रडत नव्हत्या. हात कापसानं भरले होते, ते पदराला पुसत बोलत होत्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"तुमी हापिसाला गेलाव की मी दार लावून घ्यायचे अन् तिच्या जागी निजायचे. ती गेली त्याच वर्सापून. पाय पोटाशी घिऊन निजलं की बराबर मावायचे. मावता मावता त्यो खळगा माझाच झाला. तिचं त्यात काय बी ऱ्हायलं न्हवतं. ट्रकात तुमी त्याला धरून बसलाव. मी म्होरं बसून हाडं खिळखिळी करून घेतली, अन् मागं तुमी माझ्याच अंगाच्या खळग्याला जपत आलाव. हितं आल्यावर हात घालून म्हनलाव, हाय. मला वाटलं, आत्ता म्हनावं, ती मी हाय. पन सांगितलं असतं तर तुमाला काय उरलं असतं?"

"मंग आता कामून?" दादांनी विचारलं.

"न्हाई सोसलं. रोज सांजंला तुमी चाचपून बघायलाव. माझ्या पाठीवरनं तर कवा हात फिरवला न्हाई."

मी तिथं नसतो तर बरं झालं असतं. दादा बाजेच्या कडेला टेकले. पहिल्यांदा, त्या गादीवर. शेजारच्या घरी कुणीतरी हंडा घासत होतं. शेवटी ते म्हणाले, "पानी दे." वहिनींनी तांब्या आणून दिला. पाणी कुठलं, हे दादांनी विचारलं नाही. सगळा तांब्या रिकामा केला आणि खाली ठेवला.

त्यानंतर कुणाचं घर बदलताना दादा दिसले नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारपण आलं. माझीही पुढं लातूरला बदली झाली, आणि माझी गादी मीच दारावर घालून, "खड्डा" ओरडायला लावून नेली. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

दादा निवृत्त झाले आणि गावाकडं जायला निघाले, ते पुन्हा कोरड्याच सालात. लातुरात त्यांच्या गल्लीत पाणी आठवड्यानं यायचं, आणि वहिनींची कंबर गेली होती, घागर सोडा, तांब्यासुद्धा उचलवत नव्हता. गावी निदान पाणी भरून द्यायला पुतण्या होता. मी सकाळीच नवी नवार आणि दोन फळ्या घेऊन पोहोचलो. टेम्पो दारात उभा होता. सामान चढलं होतं. गादी केबिनच्या मागं, दुहेरी दुमडून, साध्या दोरीनं बांधून टाकलेली होती.

"दादा, गादी..." मी म्हणालो.

"असू दे बिरादार."

ते आत गेले आणि वहिनींना धरून बाहेर आले. ड्रायव्हरनं पुढचं दार उघडलं. वहिनी म्हणाल्या, "मी म्होरं बसते की."

"न्हाई. हितं."

आम्ही दोघांनी त्यांना उचलून वर घेतलं. दादांनी त्यांना त्या दुमडलेल्या गादीवर बसवलं, दोन्ही बाजूंना गोधड्या लावल्या, शेजारी स्वतः बसले आणि एक हात त्यांच्या पाठीमागं घातला. वहिनींनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. माझ्याकडं बघून दादा "जय भीम" म्हणाले, मग दुसऱ्या हातानं केबिनवर थाप मारली.

"ए डायव्हर. खड्डा आला की आधी आवाज दे."

टेम्पो निघाला. मी फळ्या हातात घेऊन उभा राहिलो. तो वळणाआड गेला, आणि तिकडून ड्रायव्हरचा आवाज आला, "खड्डाऽ".